घोडी उडीच्या मैदानांत उतरवावी कीं नाहीं?

आमच्या संघाचे एक जुने सभासद व चांगले बागाइतदार यांजकडून गेल्या महिन्यांत आम्हांस एक पत्र आलें. पत्रांतील मजकूर थोडक्यांत असा कीं, त्यांचे चिरंजीव शहरांत शिक्षणास असतां तेथील वर्गांत दोन वर्षें घोड्यावर बसावयास शिकले. घरीं चार वर्षांची एक घोडी आहे. ती शेताचा बांध व पाटाचें पाणी सहज उडून जाते. आणि येत्या हिवाळ्यांत शहरांत अडथळ्यांवरून उड्या मारण्याची जी स्पर्धा व्हावयाची आहे, तींत तिचें नांव घालावें असा चिरंजीवांचा आग्रह आहे. घोडी बांध उडते याची चित्रफीतहि त्यांनीं मोबाईलवर पाठविली. होय कीं नाहीं तें स्पष्ट कळवावें, अशी पत्राची अखेर आहे.

या पत्राचें उत्तर खासगी रीतीनें देतां आलें असतें. परंतु हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नव्हे. सारंगखेडें, अकलूज, माळेगांव येथील बाजारांतून घोडीं आणून हौसेनें बाळगणारे शेतकरी आपल्यांत आहेत, व त्यांच्या मुलांस या खेळाची गोडी लागूं लागली आहे. म्हणून आमचें मत आम्ही येथें उघडपणें मांडतों. तें कोणास रुचेल, कोणास रुचणार नाहीं. पण तें अनुभवावांचून बनलेलें नाहीं, हें वाचकांस पुढें दिसून येईल.

प्रथम हा खेळ कोठला तें पाहूं. इंग्लंडांत अठराव्या शतकांत मोकळीं गायरानें कुंपणें घालून बंदिस्त होऊं लागलीं. शिकारीस निघालेल्या स्वारास कुंपण, चर व दगडी बांध आडवे येऊं लागले, आणि जें घोडें त्यांवरून न अडखळतां जाईल त्यास किंमत येऊं लागली. शेजारच्या आयर्लंडांत अशीं घोडीं शेतकऱ्यांच्याच दारांत तयार होत. १७३१ सालीं शेती व उद्योग यांच्या सुधारणेसाठीं स्थापन झालेल्या डब्लिनच्या सोसायटीनें १८६८ सालीं लेन्स्टर हाउसच्या पटांगणांत अश्वप्रदर्शन भरविलें व त्यांत उड्यांची चढाओढ ठेविली. पुढें १९२६ सालीं त्याच प्रदर्शनांत राष्ट्राराष्ट्रांचा सामना सुरू झाला, आणि त्याचा चषक, पुण्यास ज्यांचा वाडा प्रसिद्ध आहे, त्या आगाखानांनीं दिला. तात्पर्य, हा खेळ ज्या देशांत वाढला तेथें तो जमिनीच्या गरजेंतून वाढला. घोड्याचा बांधा, त्याचें शिक्षण व त्याचा बाजार हीं तिन्ही एकाच दिशेनें चाललीं.

आपल्याकडे घोड्याची परीक्षा निराळ्या गुणांवर झाली. भीमेच्या खोऱ्यांतील भीमथडी तट्टानें लांब मजल मारावी, ओझें घेऊन घाट चढावा, थोड्या चाऱ्यावर तग धरावा, एवढीच अपेक्षा होती, व ती त्यानें पुरी केली. धनगर बांधव आजहि आपला संसार त्याच्या पाठीवर घालून मेंढरांमागें हिंडतात. जत्रेच्या बाजारांत किंमत येते ती रंग, उंची, कानांची ठेवण, अंगावरील भोंवरे व रवाल चाल यांवर. हे गुण खोटे आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु यांतील एकहि गुण उडीचा साक्षी होऊं शकत नाहीं. रवाल चालींत एका बाजूचे दोन पाय जोडीनें पडतात व स्वाराच्या पोटांतलें पाणी हलत नाहीं. उडी मात्र दौडींतून निघते. मागचे पाय पोटाखालीं ओढून घेऊन घोडी आपलें सर्व वजन त्यांवर तोलते, तेव्हां तिचा पुढचा भाग उचलतो. रवालींत पक्की झालेल्या घोडीस ही दौड पुन्हां पहिल्यापासून शिकवावी लागते. बाजारांत मोठी किंमत देऊन आणली म्हणून ती उडेलच, हा हिशेब चुकीचा आहे.

आतां खेळाचे नियम. ते ऐकावयास सोपे आहेत. मैदानांत दहा-बारा अडथळे क्रमानें मांडलेले असतात, व ते नेमलेल्या वेळांत ओलांडावयाचे असतात. आडवे दांडे खोबणींत नुसते ठेवलेले असल्यामुळें पाय लागतांच खालीं पडतात. दांडा पडला कीं चार दोष. घोड्यानें उडी नाकारली तरी चार दोष. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणें दुसऱ्या नकारास घोडा बाद, व स्वार पडल्यास तोहि बाद. नवशिक्यांसाठीं उंची साठ ते ऐंशी सेंटिमीटर असते. जगांतील मोठ्या सामन्यांत ती १.६० मीटरपर्यंत जाते.

परंतु शेतांतील बांध व मैदानांतील दांडा यांत मोठा फरक आहे. बांध घोडीच्या रोजच्या पाहण्यांतला असतो. तो हलत नाहीं, रंगीत नसतो, व त्यावरून ती आपल्या मर्जीनें व आपल्या पावलानें जाते. मैदानांत अडथळ्यांमधील अंतर हें मोठ्या घोड्याचें दौडींतील पाऊल सुमारें बारा फुटांचें धरून मांडलेलें असतें. आपल्या लहान बांध्याच्या घोडीचें पाऊल आखूड. ती मधल्या जागेंत एक पाऊल जास्त घालते, दांड्याच्या अगदीं जवळ येते, आणि मग एकतर अडते किंवा वेडीवांकडी उडी घेते. शिवाय घोड्यास तांबडा व हिरवा हे रंग एकमेकांपासून नीट वेगळे दिसत नाहींत, व आपल्या कपाळाच्या अगदीं समोरचें दिसत नाहीं. त्यांत ध्वनिक्षेपक, टाळ्या व परकीं घोडीं यांची भर पडते. बांधावरची चित्रफीत या सर्वांविषयीं कांहींहि सांगत नाहीं.

येथें कोणी अमेरिकेंतील स्नोमन घोड्याचा दाखला देईल, व तो देण्यासारखाहि आहे. १९५६ सालीं पेनसिल्व्हेनियांतील न्यू हॉलंड येथील लिलांवांत न विकलेलीं घोडीं कत्तलीसाठीं गाडींत भरलीं जात होतीं. त्यांतील एक पांढुरका, शेतकामानें झिजलेला घोडा हॅरी डी लेयर या हॉलंडमधून आलेल्या शिक्षकानें ऐंशी डॉलरांस घेतला. पुढें तो शेजाऱ्यास विकला, तर घोडा कुंपणें उडून पुन्हां पुन्हां जुन्या धन्याकडे परत येऊं लागला. तेव्हां कोठें त्याची उडी लक्षांत आली. आणि १९५८ व १९५९ अशीं दोन वर्षें न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील मोठ्या सामन्यांत तो अजिंक्य ठरला. नांगराचा घोडा देशांत पहिला आला, ही गोष्ट कोणाहि शेतकऱ्याची छाती फुगविणारी आहे. परंतु तिच्यांतील दुसरा भाग लोक विसरतात. घोडा घेतला तेव्हां तो सुमारें आठ वर्षांचा, म्हणजे हाडापेरानें पुरा झालेला होता. आणि एकटा असतां उंच कुंपण उडणारा तोच घोडा स्वार पाठीवर घेऊन जमिनीलगतच्या दांड्यांवर प्रथम अडखळत असे. मोठें मैदान त्यानें मारलें तें दोन वर्षांच्या शिकवणीनंतर.

चिली देशांतील उआसो घोड्याचीहि गोष्ट अशीच आहे. ५ फेब्रुवारी १९४९ रोजीं कॅप्टन आल्बेर्तो लार्रागिबेल याच्या स्वारीखालीं तो २.४७ मीटर उंच उडाला, व तो विक्रम अद्यापि मोडलेला नाहीं. हा घोडा जन्मला १९३३ सालीं. शर्यतींत नांव न काढलेला घोडा सोळाव्या वर्षीं जगांत पहिला आला. घाई करून तो तेथें पोंचला नव्हता.

म्हणून आमचें सांगणें असें कीं, ज्याच्या मनांत घोडी उतरविण्याचें आहे त्यानें गांवकऱ्यांचें मत न घेतां चार साक्षीदार तपासावे.

पहिला साक्षीदार वय. घोड्याचे पुढचे दूधदांत अडीच, साडेतीन व साडेचार या वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनें पडून कायमचे दांत येतात, व पांचव्या वर्षीं तोंड पुरें होतें. पायांच्या हाडांचीं टोकें त्याआधीं जुळून येतात. परंतु पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हावयास साडेपांच-सहा वर्षें लागतात. स्वार बसतो तो पाठीवर, हें ध्यानांत ठेवावें. चार वर्षांच्या घोडीस जमिनीवरील दांडे ओलांडण्याची संवय लावण्यास हरकत नाहीं. तिला मैदानांत उतरविणें आम्हांस पसंत नाहीं.

दुसरा साक्षीदार पाय. घोड्याच्या पुढच्या पायांस धडाशीं जोडणारें गळपट्टीचें हाड नसतें. ते केवळ स्नायूंच्या झोळींत असतात, आणि उभ्या घोड्याच्या वजनाचे शंभरांत साठ भाग तेच पेलतात. उडीनंतर सर्व भार प्रथम यांच्यावरच येऊन आदळतो. रोज सकाळीं खरारा करतांना दोन्ही पायांची नळी व मागील नस हातानें चांचपून पाहावी. एक पाय दुसऱ्यापेक्षां ऊन लागला तर त्या दिवशीं काम बंद. कठीण जमिनीवर दुडकीनें चालवून डोक्याकडे पाहावें. दुखरा पुढचा पाय टेंकतांना घोडी डोकें वर उचलते. नालबंद वेळच्या वेळीं, म्हणजे सुमारें दर सहा आठवड्यांनीं, येतो कीं नाहीं हेंहि पाहावें.

तिसरा साक्षीदार शिक्षण. घरच्या मैदानांत जी उंची घोडी दहांपैकीं नऊ वेळां शांतपणें उडते, त्याहून वीतभर कमी उंचीच्या वर्गांतच तिचें नांव घालावें. आणि तत्पूर्वीं निदान दोन-तीन परक्या ठिकाणीं नेऊन, न उडवितां, नुसती फिरवून आणावी.

चौथा साक्षीदार स्वार. खोगिरासह स्वाराचें वजन घोडीच्या वजनाच्या पंचमांशाहून अधिक नसावें, असें साधारण प्रमाण मानितात. साडेतीनशें किलोच्या घोडीस सत्तर किलो झाले. परंतु वजनापेक्षांहि हात महत्त्वाचा. उडींत घोडी मान पुढें करिते. त्या वेळीं जो लगाम खेंचून धरतो तो घोडीस उडीची शिक्षा देतो, व पुढच्या वेळीं ती अडली म्हणजे चाबूक उगारतो. असा स्वार घरचा मुलगा असला तरी त्यास नकार द्यावा.

हे चारहि साक्षीदार अनुकूल असले, तरच खर्चाची गोष्ट काढावी. चंदी, मोतद्दार, नाल, वाहतूक, स्पर्धेची फी, पशुवैद्याची फी यांचा पुरा आंकडा आधीं कागदावर मांडावा, व बक्षिसाची रक्कम जमेस धरूं नये. त्यांतच आरोग्याचे दाखले येतात. धनुर्वाताची लस टोंचलेली असलीच पाहिजे, कारण घोड्यास हा रोग फार लवकर पकडतो. दुसरा ग्लँडर्स, म्हणजे शेंबा. तो घोड्यापासून माणसासहि होतो. २००६ सालीं तो महाराष्ट्रांतच पुन्हां उद्भवला होता. रक्ततपासणींत हा रोग निश्चित झाल्यास कायद्याप्रमाणें जनावर मारावें लागतें. पुष्कळ घोडीं एकत्र जमतात तेथें ज्या मालकाकडे दाखला नाहीं त्याच्या घोड्याशेजारीं आपलें जनावर बांधूं नये, व सामाईक हौदाचें पाणी पाजूं नये.

आतां आमची स्वतःची गोष्ट. ती सांगावयास आम्हांस संकोच वाटतो, परंतु सांगितल्यावांचून वरील उपदेशास किंमत नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वडील बंधूंकडे एक कुमाईत घोडी होती. एका ठिकाणच्या प्रदर्शनांत तिचें नांव उड्यांसाठीं घातलें होतें. स्पर्धेच्या सकाळीं मोतद्दार आम्हांस म्हणाला, "रावसाहेब, डावा पाय जरा ऊन लागतोय." आम्हीं हात लावून पाहिला, ऊन होता. पण फी भरली होती, गांवाहून दोन टेम्पो भरून माणसें आलीं होतीं, आणि रस्त्यावर घोडीच्या चित्राचा फलक लागला होता. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या कारकुनींत गेलेली. दाखल झालेला अर्ज निकालांत निघालाच पाहिजे, ही संवय अंगांत मुरलेली. बंधु कां-कूं करीत होते, त्यांस आम्हींच म्हणालों, "दादा, आतां नांव काढलें तर लोक काय म्हणतील?" घोडीनें तीन अडथळे स्वच्छ उडविले. चौथ्यावरून ती उतरली ती तीन पायांवरच. नस फाटली होती. चौदा महिने ती थानावर उभी होती. पुढें तिला दोन शिंगरें झालीं, पण दौड तिच्या नशिबीं पुन्हां आली नाहीं. दादांनीं आम्हांस एका शब्दानें बोल लाविला नाहीं. मोतद्दार मात्र त्या दिवसापासून आम्हांस घोड्याविषयीं कधीं कांहीं सांगेनासा झाला. तो बोल आम्हांस पुरला.

यावरून आम्हीं एक नियम बांधिला आहे, आणि या लेखाचें सार तोच आहे: ज्या मालकास आयत्या वेळीं नांव मागें घेण्याची छाती नाहीं, त्यानें नांव घालूंच नये. स्पर्धेत उतरवावें कीं नाहीं, हा निर्णय फी भरतांना एकदां होऊन संपत नाहीं. तो स्पर्धेच्या सकाळीं घोडीच्या पायाशीं बसून पुन्हां करावा लागतो. फी बुडाली तर थोडे रुपये गेले. पाय गेला तर घोडी गेली. आणि आमच्या देशांतील १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें लंगड्या अगर अशक्त जनावराकडून काम घेणें हा गुन्हाच ठरविला आहे, याचीहि आठवण ठेवावी.

आपल्याच हातून असें होतें असेंहि नव्हे. टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत, जे २०२१ सालीं झाले, पंचक्रीडेच्या स्पर्धेत सेंट बॉय नांवाच्या घोड्यानें उड्या नाकारल्या. त्या खेळाचा नियमच असा होता कीं, स्वारास अनोळखी घोडा मिळावयाचा व ओळख करून घेण्यास अवघीं वीस मिनिटें. स्वार जर्मनीची खेळाडू. ती पहिल्या क्रमांकावर होती, ती रडूं लागली व चाबूक वापरूं लागली. तिच्या शिक्षिकेनें कुंपणावरून घोड्यास ठोसा मारला, म्हणून तिला सामन्यांतून काढण्यांत आलें. साऱ्या जगानें हें पाहिलें, आणि २०२४ च्या पॅरिस सामन्यांनंतर त्या पंचक्रीडेंतून घोडेस्वारीच वगळण्यांत आली. घोडा अडला म्हणजे तो कांहीं सांगत असतो. ऑलिंपिकच्या मैदानांतहि तें ऐकावयास कोणास सवड नव्हती, मग गांवच्या ईर्षेंत ती कोठून असणार?

कोणी म्हणेल, इतकी सावधगिरी बाळगली तर आपल्या शेतकऱ्याचें घोडें मैदानांत दिसणारच नाहीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. जकार्ता येथें २०१८ सालीं आशियाई सामन्यांत भारतीय स्वारांनीं रौप्यपदकें आणलीं, तीं वर्षानुवर्षांच्या शिकवणीनें आणलीं. आपल्या मुलांनींहि त्या वाटेनें जावें अशी आमची इच्छा आहे. दुसरे कोणी म्हणतील, जनावरास खेळांत घालणें हीच क्रूरता. त्यांचेंहि म्हणणें आम्हांस पुरतें पटत नाहीं. तब्येतीनें शिकविलेली, पुऱ्या वयाची घोडी हलक्या उड्या आनंदानें घेते, आणि ज्या जनावरास काम आहे त्याच्याकडे मालकाचें लक्षहि असतें. नुसतें लग्नाच्या वरातींत नाचविण्यासाठीं ठेवलेल्या घोड्याचे हाल आम्हीं पाहिले आहेत. क्रूरता उडींत नाहीं. ती मालकाच्या घाईंत आहे.

तेव्हां आमच्या बागाइतदार मित्रांस आमचें उत्तर असें: यंदा घोडीचें नांव घालूं नये. चिरंजीवांस निराश करूं नये; तेथील वर्गांतील एखादा शिकविलेला घोडा त्यांस मिळाल्यास त्यांनीं त्यावर खुशाल उतरावें, म्हणजे मैदान कसें असतें तें त्यांस कळेल व घोडीस त्याची किंमत द्यावी लागणार नाहीं. घोडीसहि बरोबर न्यावें, गर्दी व ध्वनिक्षेपक दाखवून आणावें. वर्ष-दोन वर्षें दौड व जमिनीलगतचे दांडे यांवर मेहनत घ्यावी. तोंड पुरें झाल्यावर पशुवैद्याकडून पाय व पाठ तपासून घेऊन साठ-सत्तर सेंटिमीटरच्या वर्गांत पहिल्यानें उतरवावी. आणि त्या सकाळीं, माणसें किती आलीं आहेत हें न पाहतां, मोतद्दारास जवळ बोलावून पाय कसा आहे तें विचारावें. तो सांगेल तें ऐकावें.